पंधरा वर्षांची गाडी आणि दुरुस्त केलेला स्टेअरिंग रॅक : चौदा महिन्यांच्या वापरानंतर

आमच्या घरातली गाडी २०१० सालची पेट्रोल हॅचबॅक आहे आणि तिचे आजवर १,२६,००० किलोमीटर झाले आहेत. ऑक्टोबर २०२४ मध्ये, १,१२,००० किलोमीटरवर, तिचा स्टेअरिंग रॅक (स्टेअरिंगचे वळण चाकांपर्यंत नेणारा दातेरी दांडा) उतरवून कोल्हापुरात दुरुस्त करून घेतला आणि त्याच वेळी दोन्ही बाजूंचे रॅक एंड (रॅकच्या टोकाचे सांधे), टायरॉड एंड (चाकाकडचे सांधे) आणि चिखल आत जाऊ न देणारे रबरी बूट बदलले. त्यानंतर गाडीने एक पूर्ण पावसाळा काढला, कुंभार्ली घाटातून चिपळूणकडच्या सात फेऱ्या केल्या आणि मधल्या काळात दोन भागांनी पुन्हा त्रासही दिला. एवढ्या वापरानंतर कोणते काम टिकले, कोणते टिकले नाही आणि कोणत्या क्रमाने करायला हवे होते, हे आता खात्रीने सांगता येते.

या गाडीचे स्टेअरिंग साध्या रॅक-पिनियनचे आहे, म्हणजे पिनियन हे छोटे दातेरी चाक फिरते आणि रॅकचा दांडा डावीकडे-उजवीकडे सरकवते. वळवायला मदत करणारी विजेची मोटर डॅशबोर्डखाली स्टेअरिंगच्या दांड्यावरच बसवलेली असल्यामुळे खालच्या रॅकमध्ये ऑइल नाही. आपल्याकडे चालक उजवीकडे बसतो, म्हणून पिनियन उजव्या बाजूला असते आणि रॅकच्या लांब दांड्याचे डावे टोक प्लॅस्टिकच्या एका बुशवर, म्हणजे आधाराच्या कड्यावर, टेकलेले असते. समोरून एसटी किंवा उसाची ट्रॉली आली की डांबर सोडून खाली उतरते ते डावे चाक, आणि डांबराच्या तुटक्या कडेवर परत चढताना जो दणका बसतो तोही त्यालाच. माझ्या गाडीचा त्रास डावीकडूनच सुरू झाला, यात मला आता काहीच नवल वाटत नाही.

२०२४ च्या सुरुवातीला खराब रस्त्यावर वीस-पंचवीसच्या वेगात डावीकडून बारीक टक्-टक् ऐकू येऊ लागली. ती कानापेक्षा तळहाताला जास्त जाणवायची. गाडी किंचित डावीकडे ओढत असल्यामुळे अलाइनमेंट करून घेतले, तेव्हा टो (पुढची चाके आत किंवा बाहेर किती वळलेली आहेत ते माप) बिघडलेला निघाला. तो दुरुस्त झाला, पण चार-पाच महिन्यांत पुन्हा तेच झाले आणि पुन्हा अलाइनमेंट केले. डाव्या टायरच्या आतल्या कडेवरून हात फिरवला तर एका दिशेने गुळगुळीत आणि उलट दिशेने करवतीसारखे दाते लागत होते. टो एवढ्यात दुसऱ्यांदा का बिघडला, हा प्रश्न तेव्हाच विचारायला हवा होता. जोडणीत कुठेतरी प्ले, म्हणजे ढिलेपणा, असेल, तर मशीनवर उभ्या गाडीचा टो कितीही अचूक लावला तरी रस्त्यावर तो तसा राहत नाही. आणि ज्या दुकानात फक्त अलाइनमेंटचे मशीन आहे तिथे तो प्ले शोधायचे काम कोणी आपणहून करत नाही.

तिसऱ्या खेपेला एका गॅरेजमध्ये रॅकच्या खालचा समायोजनाचा स्क्रू (रॅक पिनियनवर किती दाबून बसेल ते ठरवणारा) आवळून दिला. अर्ध्या तासात आवाज गेला आणि मी समाधानाने पैसे देऊन घरी आलो. हा उपाय इतका सर्रास केला जातो आणि इतका धोकादायक ठरू शकतो की त्याबद्दल सविस्तर लिहिणे मला आवश्यक वाटते. गाडी बहुतेक वेळ सरळच चालत असल्यामुळे रॅकचे दात मध्यभागी झिजतात, पण टोकांकडचे दात जवळजवळ नव्यासारखेच राहतात. मधला प्ले जाईपर्यंत स्क्रू आवळला की मध्यावर सगळे ठीक वाटते, पण स्टेअरिंग बरेच वळवल्यावर न झिजलेला भाग पिनियनवर येतो, तिथे रॅक घट्ट होतो आणि वळणानंतर स्टेअरिंग आपोआप सरळ येण्याचा गुण कमी होतो. मला हे गॅरेजच्या दारात कळले नाही. ते कळले गौरी-गणपतीला गावी जाताना कुंभार्ली घाट उतरताना, जेव्हा पोफळीच्या अलीकडे एका तीव्र वळणावरून बाहेर पडताना हात सैल सोडूनही स्टेअरिंग वळलेलेच राहिले आणि मला ते ओढून सरळ करावे लागले. मागच्या सीटवर आई आणि मुलगी होती. वेग कमी होता, समोरून कोणी येत नव्हते, म्हणून निभावले.

परतल्यावर कराडमधल्या एका वयस्कर मिस्त्रींकडे गाडी नेली. त्यांनी आधी जॅक लावलाच नाही. गाडी जमिनीवर उभी, इंजिन चालू, हँडब्रेक ओढलेला, मुलीला चालकाच्या जागेवर बसवून ते म्हणाले, "ताई, स्टेअरिंग फक्त चार बोटं डावीकडे, चार बोटं उजवीकडे, असं सावकाश हलवत राहा." मग वाकून त्यांनी माझा हात आधी टायरॉड एंडवर ठेवला. तिथे टिचकी मारल्यासारखा एक स्पष्ट ठोका बोटांना लागत होता. नंतर तोच हात रॅकच्या डाव्या टोकावरच्या रबरी बुटावर ठेवायला लावला, तर आतमध्ये अख्खा दांडा वर-खाली हलताना जाणवला. त्यानंतर चाक जॅकवर घेऊन घड्याळातल्या तीन आणि नऊच्या जागी धरून हलवले, तेव्हा प्ले दिसला; बारा आणि सहाच्या जागी धरून हलवले, तेव्हा दिसला नाही. म्हणजे दोष स्टेअरिंगच्या जोडणीत होता. चाकाच्या बेअरिंगमध्ये किंवा चाकाला खालून धरणाऱ्या आर्मच्या बॉल जॉइंटमध्ये (गोळीच्या सांध्यात) नव्हता. पाच मिनिटांची ही तपासणी आठ महिन्यांत कोणीही केली नव्हती.

पुढे जे दिसले ते मी विसरणार नाही. डाव्या बुटाच्या खालच्या बाजूच्या एका घडीत बोटाएवढी चीर होती, जी वरून पाहणाऱ्याला दिसणे शक्यच नव्हते. मिस्त्रींनी बूट दाबल्यावर चहाच्या रंगाचे पाणी बाहेर आले. बूट काढल्यावर ग्रीसच्या जागी तांबडा, दाटसर चिखल होता, आणि तो बोटांवर चोळला की खरखर लागत होती. तो चिखल आमच्या गावचाच, चिपळूणजवळच्या घरापर्यंत जाणाऱ्या जांभ्याच्या वाटेवरचा. पावसाळ्यात तिथे ओहोळ चाकाच्या अर्ध्यापर्यंत येतो. एका रबरी नळकांड्याला पडलेल्या चिरेतून तो आत गेला आणि बुश, रॅक एंड आणि दांडा या सगळ्यांना घासत बसला. ही चीर पहिल्या अलाइनमेंटच्या वेळी कोणी पाहिली असती, तर अडीचशे रुपयांचा बूट आणि थोडे ग्रीस एवढ्यावर हा विषय कदाचित संपला असता.

नवीन रॅक घ्यायचा की जुना दुरुस्त करायचा, यावर मी आठवडाभर विचार केला. नव्याची किंमत मला साडेआठ हजार सांगितली गेली आणि दुरुस्तीला साडेतीन हजार लागले. पण निर्णय केवळ पैशांवर घेतला नाही. कोल्हापूरच्या उद्यमनगरात ज्या कारागिराकडे रॅक नेला, त्याने तो माझ्यासमोर उघडला, दांडा धुऊन डायल गेजखाली (वाक मोजणाऱ्या मापकाखाली) फिरवला आणि दातांची झीज दाखवली. "दात खाल्ले असते तर मी हात लावला नसता, नवीनच घ्या म्हटलं असतं. इथं मुख्य नुकसान बुशचं आहे," असे त्याने स्पष्ट सांगितले. त्याने बुश, स्प्रिंग, पिनियनची बेअरिंग आणि सील बदलले आणि समायोजनाचा स्क्रू लावताना रॅक एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत हाताने फिरवून कुठेही अडत नाही ना, हे तपासले. रॅक उघडून दाखवायला तयार नसलेल्या ठिकाणी दुरुस्ती करू नये, असे माझे ठाम मत झाले आहे.

चौदा महिन्यांनंतर या रॅकबद्दल माझी एकही तक्रार नाही. आवाज परतलेला नाही, घाटात स्टेअरिंग वळणानंतर आपोआप सरळ येते, आणि टायरची झीज दोन्ही कडांना सारखी आहे. गेल्या महिन्यात बूट सैल करून आत पाहिले, तेव्हा ग्रीस स्वच्छ होते.

टायरॉड एंडबद्दल मात्र असे म्हणता येत नाही. त्या दिवशी दुकानात कंपनीचा एकच नग होता. तो उजवीकडे बसवला आणि डावीकडे बाजारातला निम्म्या किमतीचा. जून २०२५ मध्ये, म्हणजे आठ महिन्यांत, डाव्याचे रबरी कव्हर मानेजवळ तडकले आणि ठोका पुन्हा हाताला लागू लागला; उजवा आजही घट्ट आहे. डाव्या चाकाला मार जास्त बसतो हे मान्य केले तरी रबर तडकणे हा काही खड्ड्यांचा दोष नव्हे. तो बदलून कंपनीचा बसवला आणि अर्थातच अलाइनमेंटचा खर्च पुन्हा करावा लागला, त्यामुळे आधी वाचवलेले पैसे दुपटीने गेले. बदलताना मिस्त्रींनी जुना एंड काढण्यापूर्वी त्याचे आटे मोजले आणि नवा तेवढेच आटे फिरवून बसवला, जेणेकरून अलाइनमेंटच्या दुकानापर्यंत गाडी सरळ जावी. नट सुटू नये म्हणून लावायची स्प्लिट पिनही नवीन घातली. जुनी पिन सरळ करून पुन्हा वापरताना कोणी दिसला तर त्याला तिथेच थांबवावे.

दुसरा त्रास आमच्या चुकीच्या क्रमामुळे झाला. रॅक बसवल्यावरही स्टेअरिंगच्या एका पूर्ण फेऱ्यात ते दोन ठिकाणी किंचित जड लागत होते. एका फेऱ्यात बरोबर दोनदा जड लागणे ही स्टेअरिंगचा दांडा आणि रॅक यांना जोडणाऱ्या क्रॉसच्या जॉइंटची खूण असते. त्याची बेअरिंग गंजली की असे होते. रॅक उतरवताना हा जॉइंट सुटतोच, त्यामुळे तेव्हाच हाताने वाकवून पाहिला असता तर दुसऱ्यांदा मजुरी द्यावी लागली नसती. नोव्हेंबर २०२४ मध्ये तो बदलला आणि त्याचा क्लॅम्प बोल्टही नवीन घातला.

जानेवारी २०२५ च्या एका थंड सकाळी मात्र घरातले सगळेच घाबरले. गाडी सुरू केल्यावर डॅशबोर्डवर स्टेअरिंगचा दिवा लागला आणि स्टेअरिंग एकदम जड झाले. एका ठिकाणी मोटरसकट दांडाच बदलावा लागेल असे सांगून वीस हजारांच्या वरचा आकडा दिला गेला. मिस्त्रींनी आधी बॅटरी तपासली. ती चार वर्षांची होती आणि स्टार्टर फिरताना व्होल्टेज फार खाली जात होते. शिवाय अर्थिंगच्या वायरचे टोक गंजलेले होते. स्टेअरिंगची मोटर गाडी जागेवर वळवताना भरपूर करंट ओढते, आणि व्होल्टेज अपुरे पडले की तिचे नियंत्रण मोटर बंद करून दिवा लावते. बॅटरी बदलली, टोक घासून साफ केले, आणि तो दिवा तेव्हापासून एकदाही लागलेला नाही.

जुनी गाडी वापरणाऱ्या प्रत्येक कुटुंबाने हा फरक समजून घ्यावा, अशी माझी कळकळीची विनंती आहे. मोटर बंद पडली तर स्टेअरिंग जड होते, पण हात आणि चाक यांच्यातली लोखंडी जोडणी शाबूत असते आणि जोर लावून गाडी बाजूला घेता येते. टायरॉड एंड किंवा आर्मचा बॉल जॉइंट निसटला, तर चाक चालकाचे ऐकतच नाही, आणि त्यासाठी डॅशबोर्डवर कोणताही दिवा नाही. ठोका, ओढ, टायरची एकतर्फी झीज आणि फाटलेले रबर एवढ्याच त्याच्या सूचना. आम्ही दिवा लागल्यावर त्याच दिवशी धावलो, आणि ठोक्यासह आठ महिने फिरलो. (ऐंशी-नव्वदच्या वेगात जाणवणारी थरथर ही बहुधा चाकाच्या बॅलन्सिंगची असते आणि ब्रेक मारतानाची थरथर डिस्कची, तिच्यासाठी रॅक उघडू देऊ नये.)

२०२५ मध्ये नोंदणीची पंधरा वर्षे पूर्ण झाली, तेव्हा गाडी ठेवावी की काढावी यावर घरात चर्चा झाली. स्टेअरिंगचे काम चोख झाले होते म्हणूनच तपासणी करून घेऊन, हरित कर भरून नोंदणी पुढच्या पाच वर्षांसाठी वाढवायचे ठरले. ते काम झाले नसते, तर आईला घेऊन कुंभार्ली घाट उतरायला मी याच गाडीवर विसंबलो नसतो.

आता दर तीन महिन्यांनी आणि प्रत्येक कोकणफेरीनंतर मुलगी स्टेअरिंगवर बसते आणि मी वाकून सगळ्या सांध्यांवर हात ठेवतो. बुटाच्या खालच्या घड्या हाताच्या आरशाने पाहतो. मागच्या रविवारी डाव्या खालच्या आर्मच्या बॉल जॉइंटचे कव्हर एका ठिकाणी तडकलेले दिसले. ग्रीस अजून स्वच्छ आहे आणि प्ले नाही, तरीही कंपनीचा आर्म मागवला आहे. तो संक्रांतीच्या आधी बसेल, आणि तोपर्यंत गाडी कराडच्या बाहेर काढणार नाही.