शेंगदाणा ॲलर्जीची ओरल इम्युनोथेरपी: काही महिने घरी डोस दिल्यानंतर

या थेरपीत ॲलर्जी असलेल्या मुलाला शेंगदाण्याचा मोजून घेतलेला अगदी छोटा डोस रोज खायला देतात आणि तो हळूहळू वाढवतात. आधी वजनकाट्याबद्दल, कारण घरी पहिली फजिती तिथेच होते. बॅटरी उतरली की आकडा सरकायला लागतो. स्वयंपाकघरातला एक ग्रॅमचा काटा इथे निरुपयोगी. गुजरीतल्या सोनाराकडे असतो तसा निदान ०.०१ ग्रॅम दाखवणारा घ्या, सोबत तपासणीचं वजन घ्या, पंखा बंद करून मोजा. तरीही सुरुवातीचे डोस घरी मोजू नका. डोससाठी वापरायच्या, तेल काढलेल्या शेंगदाणा पिठात साधारण निम्मी प्रथिनं असतात. १२ मिलिग्रॅम प्रथिनांना २४ मिलिग्रॅम पीठ, आणि काट्याची चूकच पाच-दहा मिलिग्रॅमची. हे डोस डॉक्टरांकडूनच मोजून आणावेत. ३०० मिलिग्रॅमला ०.६ ग्रॅम पीठ लागतं, तिथे काटा पुरतो. घरचं कूट मात्र नको. त्यात प्रथिनं पाव हिश्शाच्या आसपास, शिवाय तेलामुळे चमच्याला चिकटतं.

महिने जातात तसं काट्याचं महत्त्व माझ्या लेखी कमी झालं. खरा धोका डोस पोटात गेल्यानंतरच्या दोन-तीन तासांत आहे. कित्येक आठवडे पचलेला डोस तापात, रिकाम्या पोटी, अपुऱ्या झोपेवर, आयबुप्रोफेन घेतल्यावर किंवा खेळून घाम आल्यावर अचानक बाधतो. त्यामुळे शाळेला किंवा फुटबॉलच्या सरावाला निघताना डोस नकोच. खेळून, गरम पाण्याची अंघोळ उरकून, मूल शांत झालं की जेवणासोबत द्या. पुढे दोन तास झोपवू नका. ताप आला किंवा डोस चुकले तर आधी डॉक्टरांना फोन. वाढीव डोस फक्त दवाखान्यात. दमा आटोक्यात नसेल तर ही थेरपी सुरूच करू नये. सतत उलट्या होणं, घास अडकणं हे अन्ननलिकेच्या सुजेचं लक्षण असू शकतं.

२०१८च्या पॅलिसेड या शेंगदाणा थेरपीच्या चाचणीत उपचार घेणाऱ्या सुमारे ६७ टक्के मुलांना अखेरीस ६०० मिलिग्रॅम प्रथिनं सोसली. पण २०१९ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकातल्या, अनेक चाचण्यांच्या एकत्रित विश्लेषणात थेरपी घेणाऱ्यांना ॲनाफिलॅक्सिसचा (जिवावर बेतू शकणाऱ्या तीव्र ॲलर्जीचा) धोका शेंगदाणा नुसता टाळणाऱ्यांच्या सुमारे तिप्पट निघाला. कुटाशिवाय भाजी न होणाऱ्या आपल्या भागात चुकून पोटात गेलेल्या चिमूटभर कुटापासून संरक्षण मोलाचं आहे, पण ते रोज जोखीम घेऊन मिळतं.

म्हणून अशा वेळी द्यायच्या ॲड्रेनालिन इंजेक्शनवर काटकसर नको. ऑटोइंजेक्टर (ठरलेली मात्रा आधीच भरलेलं पेनसारखं इंजेक्शन) सहज मिळत नाही. १ मिलिलिटरमध्ये १ मिलिग्रॅम औषध असलेली ॲम्प्युल (काचेची कुपी) स्वस्त आहे. मात्रा किलोमागे ०.०१ मिलिग्रॅम, म्हणजे २० किलोच्या मुलाला ०.२ मिलिलिटर, मांडीच्या बाहेरच्या बाजूला, स्नायूत. इन्सुलिनची सिरिंज नको: सुई तोकडी, खुणा युनिटच्या. एक मिलिलिटरची सिरिंज आणि इंचभर सुई ठेवा, डॉक्टरांसमोर सलाईन भरून सराव करा. श्वास लागला, आवाज बसला, मूल गळून गेलं, की आधी इंजेक्शन, मग १०८. सेट्रिझिन हे ॲलर्जीचं साधं औषध देऊन वाट पाहू नका. तपकिरी झालेली ॲम्प्युल लगेच बदला.