हॉटेलच्या भिंतीवरची ग्रेड बघून फसू नका, आधी तारीख बघा

घरचे सगळे मिळून एका हॉटेलात जेवायला गेलो होतो, नाव लिहीत नाहीये कारण तक्रार अजून चालू आहे. गल्ल्याच्या मागे स्वच्छता तपासणीचं सर्टिफिकेट फ्रेम करून लावलेलं, सगळ्यात वरची ग्रेड, लांबून दिसेल अशी, आणि तारीख जिथे असते नेमकं तिथेच काचेवर ऑफरचं स्टिकर. जेवून तीन-चार तास झाले नाहीत तोच सासऱ्यांना उलट्या सुरू, मागोमाग मुलीला, दोघांनाही सलाईन लावावं लागलं.

हॉटेलवाल्याला फोन केला तर म्हणे आम्ही सगळं वाफाळतं गरम देतो, आमच्याकडून होणं शक्यच नाही. हे ऐकून अजिबात गप्प बसू नका!! डॉक्टरांनी सांगितलं की इतक्या लवकर उलट्या म्हणजे बहुतेक अन्नात आधीच तयार झालेलं विष, आणि स्टॅफिलोकोकस किंवा बॅसिलस सेरियस या जंतूंचं हे उलट्यांचं विष परत गरम करून जात नाही, जंतू मरतात पण विष तसंच राहतं. भात शिजवून तासन्‌तास बाहेर ठेवला की हेच होतं. शिजवलेलं एकतर 60 डिग्रीच्या वर गरम ठेवायचं नाहीतर 5 च्या खाली थंड, मधे राहिलं की जंतू भराभर वाढतात.

मग तपासणी खात्याच्या साइटवरून त्यांचं रेकॉर्ड काढलं तर भिंतीवरची ग्रेड जुनी निघाली, त्यानंतर परत तपासणी झालेली आणि त्यात ग्रेड चांगलीच घसरलेली. शेरे वाचून अंगावर काटा आला. फ्रिजचं तापमान 11 डिग्री, हात धुवायच्या बेसिनपाशी साबण नाही, कच्चं चिकन वरच्या कप्प्यात आणि त्याचं पाणी खालच्या शिजवलेल्या भाजीच्या उघड्या डब्यात ठिबकतंय. जाब विचारला तर उत्तर काय, नवीन सर्टिफिकेट फ्रेम करायला टाकलंय. ही सरळसरळ फसवणूक आहे, लोक त्या कागदावर विश्वास ठेवून लहान मुलांना जेवायला आणतात.

तुम्ही रेकॉर्ड बघाल तेव्हा नुसती ग्रेड बघू नका, शेरे वाचा. फुटकी फरशी वगैरे एकवेळ ठीक आहे पण तापमान, हात धुणं, कच्चं-शिजलेलं एकत्र, उंदीर-झुरळं यातलं काही असेल आणि तेच मागच्या तपासणीतही असेल तर तिथे पाऊल ठेवू नका.

आणि त्रास झालाच तर बिल जपून ठेवा, उरलेलं पार्सल फेकू नका, झाकून फ्रिजमध्ये वेगळं ठेवा, कोणी काय खाल्लं ते लिहून काढा. आधीच्या दिवसांचंही लिहा, कारण साल्मोनेलासारखा जंतू असेल तर त्रास 6 तासांनी पण होतो आणि 6 दिवसांनी पण, शेवटचं जेवणच कारण असेल असं नाही. आणि तक्रार लगेच करा, उशीर झाला की तपासायला अन्नच शिल्लक राहत नाही. आमचं पार्सल खात्याने लॅबला पाठवलंय, रिपोर्ट अजून यायचाय, पण काचेवरचं ते स्टिकर मात्र तक्रारीनंतर लगेच निघालं.