पाच नंबरची वायकेके चेन: आधी आवाज, मग रंग

मी घरी टिफिनच्या आणि प्रवासाच्या पिशव्या शिवते. शिलाई कितीही नेटकी असली तरी चेन अडली, की गिऱ्हाईक पिशवीलाच नावं ठेवतं. म्हणून चांगल्या ऑर्डरीला मी वायकेके या जपानी कंपनीची पाच नंबरची नायलॉन चेन लावते. पाच नंबर म्हणजे मिटलेल्या दातांची रुंदी साधारण पाच मिलिमीटर. हातातल्या पिशवीला तेवढी पुरते. शाळेच्या दप्तराला सरळ आठ नंबर घ्या. पितळी चेन दिसायला झोकदार, पण पावसाळ्यात हिरवी पडते.

दुकानात मी रंगाआधी आवाज बघते. रनर, म्हणजे चेन उघडणारा-मिटणारा सरकता तुकडा, धरायचा आणि एका दमात ओढायचा. चांगली चेन ‘झिप्’ करून एका सुरात पार होते. मध्येच खरखरली तर तिथला दात वाकलाय किंवा पट्टी ताणली गेलीय. वायकेकेची चेन पिशवीच्या कोपऱ्यावर, ऐन वळणातसुद्धा सूर सोडत नाही.

नावही आवाजावरूनच आलंय. इंग्रजीत ‘झिप’ म्हणजे आधी बंदुकीची गोळी सणसणत गेल्याचा आवाज, मग वेग, मग अंगातली तडफ. चेन त्यानंतरची. गिडियन सुंडबॅकने 1913 मध्ये अमेरिकेत आजच्यासारखी दातांची चेन जमवली, तेव्हा तिचं नाव होतं ‘हुकलेस फास्टनर’. किती रुक्ष! 1923 मध्ये बी. एफ. गुडरिच कंपनीने ती रबरी बुटांना लावली आणि त्या बुटांना ‘झिपर’ म्हटलं. बूट मागे पडले, नाव चेनला चिकटलं. तिकडच्या पत्त्यातला ‘झिप कोड’ वेगळा: 1963 मधल्या ‘झोन इम्प्रूव्हमेंट प्लॅन’ची ती आद्याक्षरं. पण टपाल झटकन पोचेल असं कानाला वाटावं, ही हुशारी त्यात आहेच.

वायकेकेची किंमत साध्या चेनच्या रोलपेक्षा जास्त पडते, त्यामुळे भाजीच्या स्वस्त पिशवीला मी ही लावत नाही. मीटरवर घेताना रनरही त्याच कंपनीचा, त्याच नंबरचा मागा. दुसरा कधी कधी चढतो, पण मागे दात उघडेच राहतात. आणि पुढेमागे रनर ढिला झाला तर लगेच चेन उसवू नका. पक्कडीने त्याच्या दोन्ही कडा हलकेच दाबा. फार दाबलात तर मात्र नवा रनर आणावा लागेल.