मायकोरायझाच्या नावाखाली १३,०५० रुपये गेले

घोडबंदर रोडला राहते, गॅलरीत चाळीसेक कुंड्या आहेत. बावीस वर्षं झाडं लावतेय, तरी फसले, म्हणून जास्त लागलंय.

मे महिन्यात ठाण्यातल्या एका प्रदर्शनात स्टॉलवरून मायकोरायझाची, म्हणजे मुळांना जोडून वाढणाऱ्या आणि झाडाला अन्न-पाणी मिळवून देणाऱ्या बुरशीची, एक किलोची पिशवी घेतली, १,४५० रुपये. टोमॅटोची रोपं लावताना मुळाशी घातली, रोपं जोमाने धरली. ती पिशवी खरी असेलही. आठवड्याने स्टॉलवाल्याचा फोन: "ताई, दहा घेतल्यात तर १,१६० ला एक." शेजारच्या सहाजणींचे पैसे गोळा केले आणि ११,६०० एकदम जीपे केले. खातं भलत्याच माणसाच्या नावावर होतं. मेहुण्याचं आहे म्हणाला. अशा वेळी पैसे पाठवूच नका.

पिशव्या देताना तो म्हणाला, "गुळाच्या पाण्यात दोन दिवस ठेवा, दसपट होईल." तिथेच, त्या क्षणी, पिशव्या त्याच्या अंगावर परत टाकायला हव्या होत्या. गुळावर ट्रायकोडर्मा ही वेगळीच बुरशी वाढते. मायकोरायझा जिवंत मुळाशिवाय वाढत नाही, हे मला माहीत होतं! पण आई हॉस्पिटलात, रोज दोन फेऱ्या, पाऊस तोंडावर आणि कुंड्या बदलायच्या राहिलेल्या. मी बादलीत भिजवलं. तिसऱ्या दिवशी वर पांढरी साय धरली, तर शेजारणीला बोलावून दाखवली. ती नुसती गुळावरची बुरशी होती. पालकालाही चालेल का विचारलं, तर "सगळ्याला चालतं" म्हणाला. पालक, मुळा, कोबी, मोहरी यांच्या मुळांशी मायकोरायझाचं जमतच नाही.

महिनाभरात सगळ्यांच्या मिरच्या जिथल्या तिथे. कृषी शिकलेल्या ओळखीच्या मुलीने पूड पाण्यात कालवून, गाळून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली. एकही बीजाणू नाही. पांढरी टाल्क आणि विटेचा चुरा. मग पिशवीवरचं स्टिकर नखाने उचकटलं, तर खाली दुसरंच स्टिकर, कुठल्याशा भांडी घासायच्या पावडरीचं. बॅच नंबर नाही, मुदत संपायची तारीख नाही, बनवणाऱ्याचा पत्ता नाही. हे तिन्ही आधी बघा, मग पाकीट काढा.

आता तक्रारीचं ऐका. पोलीस म्हणाले, खताचं आहे, कृषी खात्यात जा. तिथे बाकावर दोन तास बसवून विचारलं, "सातबारा आहे का?" गॅलरीचा सातबारा कुठून आणू? "मग तुम्ही शेतकरी नाही, आमच्याकडे येत नाही." अहो, मायकोरायझा खत नियंत्रण आदेश १९८५ खाली येतं, ते कोणी विकत घेतलं याने काय फरक पडतो? नमुना घ्या म्हटलं, तर नमुना आम्ही दुकानातून घेतो, तुमच्या घरातून नाही. दुकानच नाही ना त्याचं! परत पोलिसांकडे, तर पक्कं बिल मागितलं. माझ्याकडे वहीच्या कागदावरची चिठ्ठी. तीन चकरा, एक रजा, अर्जावर शिक्का सुद्धा मारून दिला नाही. पोच घेतल्याशिवाय टेबलावरून उठू नका, मी उठले ही चूक. जीपेने पैसे गेले असतील तर १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला त्याच दिवशी फोन लावा, मी महिन्याने लावला.

सहाजणींचे ६,९६० मी माझ्या पगारातून परत केले. दोघी नको म्हणत होत्या, तरी दिले. त्यांनी माझ्या शब्दावर घेतलं होतं.

चार पिशव्या न फोडता ठेवल्यात. पांढरी, विटकरी छटेची पूड, हिरवं स्टिकर, वर झाडाचं चित्र. तुमच्याकडे असली पिशवी असेल तर फेकू नका, कळवा. एकटीचा अर्ज घेत नाहीत, दहाजणींचा तरी घेतील.