हेतू बघायचा की खरखर?

घरातली विजेची उपकरणं रेडिओ लहरी सोडतात, त्यातून रेडिओत खरखर येते. मग त्यांची वर्गवारी हेतूवरून करायची की परिणामावरून? राउटर लहरी सोडण्यासाठीच बनतो. मिक्सरच्या कार्बन ब्रशवर ठिणग्या उडतात, त्यातून लहरी आपसूक निघतात. एलईडी बल्बचा ड्रायव्हर, म्हणजे दिव्याला वीज पुरवणारं आतलं सर्किट, या दोघांच्या मधला: उच्च वारंवारता मुद्दाम तयार करतो, पण आतल्या कामापुरती. अमेरिकी दूरसंचार नियमांचा भाग १५ उपकरणं याच तीन खणांत घालतो. ही हेतूची वर्गवारी. बेळगावकडच्या जैन घरांना ती परकी वाटू नये. संकल्पी, म्हणजे ठरवून केलेली, हिंसा वेगळी, चूल पेटवताना घडणारी आरंभी वेगळी, शेत नांगरताना घडणारी उद्योगी वेगळी.

दुसरी वर्गवारी परिणामाची. रेडिओतल्या व्यत्ययाचे मापदंड ठरवणाऱ्या सीआयएसपीआर या आंतरराष्ट्रीय समितीचा क्वासी-पीक डिटेक्टर, म्हणजे व्यत्यय मोजायची एक रीत, हा तिचा नमुना. तुरळक 'टक्' तो कमी धरतो, सलग खरखर जास्त, कारण ऐकणाऱ्यालाही तसाच त्रास होतो. परिणामावरून बरंवाईट ठरवणारा उपयुक्ततावाद यंत्रात बसवलाय म्हणा ना.

हेतूची सोय मोठी आहे. कागद भरताना खण लगेच सापडतो. परिणामाला मात्र ऐकणारा लागतो. खानापूरच्या जंगलालगत निर्दोष असलेला बल्ब शहापूरच्या गल्लीत अपराधी ठरतो, हे पचायला जडच.

तरी माझं घोडं अडतं ते एका जंपरवर. स्वस्तातला बल्ब होल्डरमधून काढा, कपॅसिटरमध्ये साठलेली वीज उतरू द्या, मग उघडा. बोर्डावर चोकची, म्हणजे लहरी वायरीत जाऊ न देणाऱ्या गुंडाळीची, जागा छापलेली, भोकं पाडलेली, आणि चोकऐवजी तारेचा तुकडा. शेजारी त्याच कामाच्या एक्स-२ कपॅसिटरची जागा रिकामी. ड्रायव्हर ६५ किलोहर्ट्‌झवर चालला तर बारावा हार्मोनिक, म्हणजे बारापट वारंवारता, ७८० ला, म्हणजे धारवाड आकाशवाणीच्या ७६५ ला खेटून. शिवाय व्होल्टेजबरोबर हलत तो आजूबाजूला पसरतो. मर्यादा या मधल्या खणालाही आहेत, पण 'हेतू नव्हता' या नावातच निम्मी माफी आहे. जैन विचार निदान प्रमादही, म्हणजे निष्काळजीपणाही, धरतो. गाळलेला चोक हा प्रमादच.

परवान्याचं काम असेल तर हेतूचे खण घ्या. शेजाऱ्याची तक्रार निवारायची असेल तर माझा कल, थोडा संकोचून, परिणामाकडे. ट्रान्झिस्टर सेलवर लावा, चार्जरवर नको. काटा ७६५ च्या बाजूला रिकाम्या जागी आणा, बल्ब चालू-बंद करा. मग रेडिओ आडवा फिरवा; आतल्या अँटेनाच्या फेराइट दांड्याचं टोक उगमाकडे वळलं की खरखर दबते. वायरीवर चिमट्यासारखं बसणारं फेराइटचं कडं लावून मीडियम वेव्हला सहसा फरक पडत नाही. त्यासाठी मिलिहेन्रीतला चोकच लागतो, तोच गाळलेला.