टीम लीड व्हायचंय: सर्व्हिस कंपनीत की प्रॉडक्ट कंपनीत?

सात-आठ वर्षं कोड लिहून झाला की पुण्यातल्या बऱ्याच इंजिनिअरांपुढे कधी ना कधी दोन ऑफर एकदम येतात. एक हिंजवडीतल्या मोठ्या सर्व्हिस कंपनीची (दुसऱ्यांना सॉफ्टवेअर करून देणारी), दुसरी बाणेर-बालेवाडीकडच्या एखाद्या प्रॉडक्ट कंपनीची (स्वतःचं सॉफ्टवेअर बनवून विकणारी). दोन्हीकडे हुद्दा टेक लीड, दोन्हीकडे हाताखाली पाच-सहा जण. मग पगाराचे आकडे शेजारीशेजारी मांडले जातात, मित्रांना फोन होतात. आकड्याचं महत्त्व मी नाकारत नाही. घराचा हप्ता कुणाला चुकलाय? पण रोजचा दिवस कसा जाणार हे त्यातून कळत नाही. दोन्हीकडे लीड म्हणून काम केल्यावर माझं मत असं झालंय की दिवसाचा सगळा रंग एका गोष्टीवर ठरतो: काम कधी पूर्ण होणार ती तारीख कोण ठरवतं, आणि ठरवताना तुम्हाला कुणी विचारतं का.

सर्व्हिस कंपनीत बहुतेक वेळा तुम्ही प्रोजेक्टवर येण्याआधीच तारीख ठरलेली असते. प्रीसेल्सवाल्यांनी, म्हणजे काम मिळवणाऱ्या टीमनं, क्लायंटला एस्टिमेट दिलेलं असतं, एसओडब्ल्यूवर (कामाच्या करारावर) सह्या झालेल्या असतात, आणि मग एक एक्सेल शीट लीडच्या हातात पडते. तिच्यात ‘इंटिग्रेशन : १० दिवस’ अशी एक ओळ असते. हे १० दिवस कुठून आले, हे सांगू शकणारा माणूस तोवर पुढच्या प्रपोजलला लागलेला असतो.

इथे कॉन्ट्रॅक्ट कुठल्या प्रकारचं आहे हे लीडनं पहिल्या दिवशी विचारून घ्यावं. टी अँड एम असेल, म्हणजे माणसांच्या तासांवर बिल जात असेल, तर काम लांबलं तरी आभाळ कोसळत नाही. डोकेदुखी असते ती प्रत्येक माणूस बिलेबल राहील, म्हणजे त्याच्या तासांचं बिल क्लायंटला लावता येईल याची, आणि शुक्रवारी सगळ्यांकडून टाइमशीट भरून घेण्याची. फिक्स्ड प्राइस, म्हणजे सगळ्या कामाची एकच ठरलेली किंमत असेल तर उशिराचा प्रत्येक दिवस कंपनीच्या खिशातून जातो. मग शनिवारी ‘थोडा वेळ येऊन जा’ सुरू होतं, आणि ते टीमला सांगायचं काम डिलिव्हरी मॅनेजरचं नसतं, तुमचं असतं. दोन्ही ठिकाणी कार्डावर हुद्दा एकच, पण हे दोन वेगळे धंदे आहेत.

दिवसाची रचनाही क्लायंटच्या घड्याळावर चालते. क्लायंट न्यूयॉर्कचा असेल तर त्यांचे सकाळचे साडेनऊ म्हणजे आपले उन्हाळ्यात संध्याकाळचे सात आणि हिवाळ्यात आठ. मार्चच्या दुसऱ्या रविवारी तिकडची घड्याळं पुढे जातात, नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी मागे येतात, आणि त्याप्रमाणे आपल्या घरची जेवणाची वेळ सरकते. कॅलिफोर्नियाचा क्लायंट असेल तर त्यांच्या सकाळी नऊचा कॉल आपल्याकडे रात्री साडेनऊला किंवा साडेदहाला. लंडन त्या मानानं माणुसकीचं: त्यांचे सकाळचे नऊ म्हणजे आपली दुपार. लहान मूल घरात असेल तर ‘क्लायंट कुठला?’ हा प्रश्न ‘सीटीसी (वर्षाचं एकूण पॅकेज) किती?’ याच्याही आधी विचारावा.

सकाळ मात्र तुमची असते. अमेरिका झोपलेली असते, रात्रीत आलेल्या मेल वाचायच्या, टीमचा स्टँडअप (रोजची छोटी बैठक), कामाचं वाटप, यूएटीत (क्लायंटच्या चाचणीत) निघालेले डिफेक्ट, एखाद्या फ्रेशरच्या शेजारी बसून त्याचा कोड बघणं. स्वतः कोड लिहायला मिळाला तर दुपारी दोन-तीन तास. संध्याकाळी कॉलवर तुम्ही टीमच्या वतीनं बोलता, आणि इथे एक कौशल्य कमावलं जातं ज्याची किंमत बाहेरच्यांना कळत नाही. वाईट बातमी क्लायंटला वेळेत आणि नीट शब्दांत सांगणं, एस्कलेशनची, म्हणजे वरपर्यंत तक्रार गेल्याची, मेल यायच्या आत. प्रॉडक्ट कंपन्यांतले फार हुशार लीड यात कच्चे असलेले मी पाहिलेत.

माणसांचं काम इथे जास्त असतं. टीममध्ये अर्धे नवे, कुणी बेंचवरून (प्रोजेक्टविना बसलेल्यांतून) आलेला, कुणी शॅडो म्हणून विनाबिल बसलेला, कुणी ऑनसाइटच्या, म्हणजे क्लायंटकडे परदेशी जाण्याच्या, आशेवर टिकलेला. जाणाऱ्याचा नोटीस पीरियड बहुधा ९० दिवसांचा, त्यातला शेवटचा महिना केटीत (आपलं काम दुसऱ्याला समजावून देण्यात) जातो. बेंच असल्यामुळे बदली माणूस मिळतो, पण तो तुम्हाला हव्या त्या तंत्रज्ञानाचा असेलच असं नाही. अप्रेझलला कितीही भांडलात तरी वरच्या रेटिंगच्या जागा मोजक्याच, त्यामुळे सहातल्या एका चांगल्या माणसाला ‘यंदा नाही’ हे तुम्हालाच सांगावं लागतं. मला विचाराल तर या नोकरीतला सगळ्यात जड दिवस तोच. प्रॉडक्शन, म्हणजे ग्राहक वापरत असलेली सिस्टीम, बंद पडल्याचा दिवस त्यापुढे सोपा.

आता दुसरी बाजू.

प्रॉडक्ट कंपनीत तारीख ठरवताना तुम्हाला विचारतात. प्रॉडक्ट मॅनेजर तिमाहीचा रोडमॅप घेऊन येतो, ‘हे मार्चपर्यंत होईल का?’ म्हणतो, आणि तुम्ही ‘सगळं नाही, एवढं होईल’ म्हणू शकता. ऐकायला हे स्वर्गसुख वाटतं. पण एकदा तुम्ही आकडा दिला की तो तुमचा. एक्सेल शीट कुणी भलत्यानं भरली होती असं म्हणायची सोय उरत नाही. शिवाय सेल्सनं एखाद्या बड्या ग्राहकाला परस्पर शब्द दिलेला असला की तारीख इथेही वरून येतेच, फक्त कमी वेळा.

कोडशी नातं मात्र पूर्ण वेगळं. सर्व्हिसमध्ये गो-लाइव्ह झालं, वॉरंटीचा काळ संपला, सपोर्ट टीमला केटी दिली की तुम्ही पुढच्या प्रोजेक्टला जाता. प्रॉडक्टमध्ये तीन वर्षांपूर्वी घाईत केलेला डेटाबेसचा निर्णय तुमच्याच समोर येऊन बसतो. त्यामुळे लीडचा मोठा वेळ डिझाइन डॉक्युमेंट वाचण्यात आणि पीआर रिव्ह्यूत (टीमनं कोडमध्ये केलेले बदल तपासण्यात) जातो. कोपायलटसारखी कोड लिहून देणारी एआय साधनं आल्यापासून पीआर पटकन तयार होतात आणि लांबही होतात. लिहिणाऱ्याचा वेळ वाचतो, वाचणाऱ्याचा वाढतो, आणि वाचणारे तुम्ही. (सर्व्हिसमध्ये हा प्रश्न वेगळ्या रूपात येतो: क्लायंटची परवानगी नसेल तर अशी साधनं वापरताच येत नाहीत.)

रात्रीची गोष्ट. प्रॉडक्टमध्ये रोजचे उशिराचे कॉल कमी, पण ऑन-कॉल असतो, म्हणजे सिस्टीम बिघडली की रात्रीही उठायची पाळी. पाच जणांची टीम असेल तर दर पाचव्या आठवड्याला फोन उशाशी. ग्राहकाला ९९.९ टक्के उपलब्धतेचा शब्द दिला असेल, तर ३० दिवसांच्या महिन्यात सेवा बंद राहायला मुभा मिळते साधारण ४३ मिनिटांची. ९९.९९ म्हटलं की चार मिनिटांच्या आसपास. एवढ्या वेळात माणूस उठून लॅपटॉप उघडतो, फार तर लॉगिन करतो. म्हणून अलर्ट कमी आणि नेमके ठेवणं, आपोआप सावरेल अशी सिस्टीम बांधणं हे लीडचं काम होऊन बसतं. दुसऱ्या दिवशी कुणालाही दोष न देता काय बिघडलं याचं पोस्टमॉर्टेम लिहायचं, असं सगळेच म्हणतात. पाळतात किती, ते तिथे काम करणाऱ्याला विचारा.

बेंच नाही, हा प्रॉडक्टमधला मोठा फरक. सहातला एक गेला की पाच उरतात आणि रोडमॅप तेवढाच राहतो. नवा माणूस शोधायचा, इंटरव्ह्यू घ्यायचे, तोही आधीच्या कंपनीत ९० दिवस अडकलेला. आठवड्यातले तीन-चार तास इंटरव्ह्यूत जाणं ही अशा काळात नेहमीचीच गोष्ट.

बँकांची स्वतःची आयटी केंद्रं हा तिसरा पर्याय. बार्कलेज, डॉइच बँक यांची पुण्यात मोठी केंद्रं आहेत. अशा ठिकाणी सहसा बिलिंग नसतं, पण रिलीजआधी परवानग्यांची रांग असते, आणि वर्षअखेरीच्या चेंज फ्रीझमध्ये प्रॉडक्शनला सहसा हात लावता येत नाही. स्थैर्य हवं असेल तर बरा मार्ग. झटपट काही घडवायची हौस असेल तर जीव कंटाळेल. आणि ‘स्टार्टअप’ म्हणजे प्रॉडक्ट कंपनी असं सरसकट धरू नका. जिथे संस्थापकच दर सोमवारी नवी तारीख सांगतो तिथे सर्व्हिसचे सगळे ताप आहेत आणि बेंच मात्र नाही.

माझं मत विचाराल तर: आतापर्यंत तुम्ही फक्त कोड लिहिलाय आणि माणसं सांभाळायची धास्ती वाटते, तर पहिली लीडची दोन वर्षं सर्व्हिसमध्ये, टी अँड एम प्रोजेक्टवर, शक्यतो युरोपच्या क्लायंटबरोबर काढा. तिथे चुका पचतात आणि माणसं लवकर वाचता येऊ लागतात. त्या उलट, टीम आधी चालवली असेल आणि कोडपासून तुटत चालल्याची बोच असेल, तर पगार थोडा कमी मिळाला तरी प्रॉडक्टकडे जा. पाच-सहा वर्षं कोडपासून लांब राहिलेल्या लीडला प्रॉडक्टवाले सहसा दारातूनच परत पाठवतात. ईसॉपचा (पगारासोबत देऊ केलेल्या कंपनीच्या शेअरचा) आकडा या तुलनेत धरू नका. कंपनी लिस्टेड नसेल तर तो विकता कधी येईल हे देणाऱ्यालाही ठाऊक नसतं.

इंटरव्ह्यूच्या शेवटी ‘काही प्रश्न आहेत का?’ विचारतात, तेव्हा कल्चरबद्दल विचारू नका, उत्तर पाठ केलेलं येतं. मागची डेडलाइन कुणी ठरवली होती आणि ती चुकली तेव्हा काय झालं, हे विचारा. टीममधलं शेवटचं कोण गेलं आणि त्याच्या जागी माणूस यायला किती दिवस लागले, हेही विचारा. एचआर नाही, तुमचा होणारा मॅनेजर काय सांगतो ते ऐका. आणि ऑफर लेटरवर सही करण्याआधी नोटीस पीरियडचं कलम वाचा: बायआउट (पैसे भरून लवकर सुटायची सोय) आहे का, आणि तो तुमच्या मर्जीवर की कंपनीच्या.