शिंगी की मागूर? पाठ बघा

बाजारात टबमध्ये हे दोन्ही मासे जिवंतच असतात, दोन्ही काळपट, बिनखवल्याचे आणि दोघांनाही मिशांच्या चार-चार जोड्या, त्यामुळे रंग न् मिशा बघून ओळखायला जाऊच नका, सरळ पाठ बघा. मागूरच्या पाठीवरचा पर डोक्यामागून सुरू होतो तो थेट शेपटीपर्यंत लांबच लांब, शिंगीचा मात्र एवढासा, सहा-सात काड्यांचा, बाकी पाठ मोकळी. पोटाखालचा पर दोघांचाही लांब, म्हणजे तो काही कामाचा नाही. मागूरचं डोकं रुंद, चपटं, शिंगीचं अंग बाजूंनी दाबलेलं. आणि प्लीज, शिंगी हातात धरू नका, छातीच्या पराचा काटा विषारी असतो, भयंकर ठणकतं! मागूरचाही काटा टोचतो, पण शिंगीला जास्त जपा.